हिरव्या पडद्याची तक्रार

मामा, कार्ड बसत नव्हतं म्हणून मी ते कानशीनं घासलं. मग बसलं. मग धूर आला.

आपली ओळख झाली ती या धुरामुळे. कॉम्प्युटरच्या पोटात, पडद्यावर चित्र उमटवणारं ते तळहाताएवढं ग्राफिक्स कार्ड मला कंपनीतल्या एका मित्रानं दिलं होतं. त्यानं नवं घेतलं, त्याचं जुनं माझ्याकडे आलं. बोर्डावरच्या फटीत ते शिरेना. कार्डाची खाच एकीकडे, फटीतला दांडा दुसरीकडे. मी मेकॅनिकल इंजिनिअर. श्रीपेरुंबुदूरला दिवसभर मोटारीचे भाग एकमेकांत बसतात की नाही हे बघण्याचा पगार घेतो. आम्हा लोकांना बसत नाही असं काही नसतं, घासायचं राहिलेलं असतं, एवढंच. तर मी घासलं. छान, काटकोनात, नवी खाच पाडली. कार्ड टक्कन बसलं आणि अर्ध्या मिनिटात माझ्या खोलीत जळक्या रबराचा वास पसरला. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी वर येऊन तमिळमध्ये बरंच काही विचारलं. मला त्यातलं "अय्यो" तेवढं कळलं.

बाजारात सगळ्यांनी सांगितलं, टाकून द्या. एकानं मात्र तुमचा पत्ता दिला. मैलापूरला तळ्यामागच्या गल्लीत एक राव मामा आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले, मेलेली कार्डं जिवंत करतात. मी कॉम्प्युटरचा डबा उचलून आलो. तुम्ही वेष्टी नेसून ओट्यावर पेपर वाचत होता. मी येताना रस्ताभर पाठ केलेलं तमिळ वाक्य म्हणून दाखवलं. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "कोण? मऱ्हाटी की?"

चेन्नईत येऊन मला सात महिने झाले होते. सात महिन्यांत मराठी बोललो ते फक्त रविवारी फोनवर आईशी, आणि एकदा आरशाशी. त्यामुळे तुमचा तो प्रश्न ऐकून मी न विचारताच डबा तुमच्या ओट्यावर टेकवला. तुमचं मराठी तंजावरचं, तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेलं आणि वाटेत तमिळ शिकलेलं. माझं साताऱ्याचं, त्यात निम्मं इंग्रजी. पहिला अर्धा तास आपण दोघंही एकमेकांना मनातल्या मनात हसत होतो.

मग तुम्ही कार्ड हातात घेतलंत. "हें कोणी केलें?"

"दुकानदारानं," मी म्हणालो.

तुम्ही त्या खाचेवरून अंगठा फिरवलात, एकदा इकडून, एकदा तिकडून. "दुकानदाराला कानस बरीक चांगली धरतां येत्ये. मेकॅनिकल की?"

आतून मामींच्या हसण्याचा आवाज आला. तुम्हाला सांगितलेली माझी पहिली थाप पाच सेकंदं टिकली. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

तुम्ही ओरडला नाहीत. कार्डाची खाच ही चूक नसते, ती अडवायला ठेवलेली असते, हे तुम्ही समजावलंत. जुन्या कार्डाला विजेचा दाब जास्त लागतो, नव्या बोर्डाला तो सोसत नाही, म्हणून चुकीचं कार्ड आत शिरूच नये अशी सोय असते. "दारावर माणूस बसवलाय, आंत जाऊं नको म्हणून सांगायला. तूं त्याचा पाय कापलास," तुम्ही म्हणालात. बोर्ड मेला होता. कार्ड मात्र जगलं. तुम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून, पेपरात गुंडाळून ठेवलेल्या बोर्डांतून त्याच्या जोडीचा एक जुना बोर्ड काढून दिलात. मग लहान मुलांच्या खोडरबरानं कार्डाचे सोनेरी दात घासलेत, "समुद्राचें मीठ इथें सगळ्यांना खातें, तुला पण खाईल," असं म्हणत. कार्डाच्या चिमुकल्या पंख्यावरचा कागद सोलून आत मामींच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडलात. शेवटी दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा कार्डाच्या पाठीवर लावून त्यावर तमिळमध्ये काहीतरी लिहिलंत.

"काय लिहिलं?"

"तुझें नांव. पेशंट आहे न."

तुम्हाला देवनागरी वाचता यायची नाही, मला तमिळ. पण त्या पट्टीवरची ती दोन-तीन अक्षरं मी पाठ केली. तमिळमधला मला वाचता येणारा तो एकच शब्द आहे मामा, अजूनही. सदा.

पुढे दर रविवारी मी येत राहिलो. त्याला कारण लागायचं, आणि कारण कार्ड पुरवायचं. कधी पंखा अडकायचा, कधी पडद्यावर रेघा यायच्या. एकदा कार्डावरची ती बुटकी नळकांडी फुगली तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोट बघ कसें जालें, अप्पळासारखें!" म्हणजे तळलेल्या पापडासारखं, आणि दुसऱ्या एका मेलेल्या कार्डावरची नळकांडी डाग देऊन काढून माझ्या कार्डाला लावलीत. मी टॉर्च धरायचो. टॉर्च धरण्यातही मी चुका करायचो, कारण माझं लक्ष मामींच्या कॉम्प्युटरकडे असायचं. तो कोपऱ्यात, देव्हाऱ्याशेजारी. मामी त्यावर चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये कोलम काढायच्या. आधी ठिपके, मग त्या ठिपक्यांभोवती वळणारी रेघ. संध्याकाळी पडद्यावर ठरवायचं आणि सकाळी दारात पिठानं उतरवायचं. त्यांचं कार्ड सगळ्या मैलापुरात सगळ्यांत जुनं असेल. एकदा त्याची मेमरी बिघडली तेव्हा पडद्यावर आपोआप चाळीस ठिपके जास्तीचे उमटले. मामींनी तुम्हाला हाक मारली, "अहो, तुमचें कार्ड माझ्यापेक्षां चांगलें कोलम काढतें!"

आपलं भांडणही तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, मामा, नवं घेऊन टाका. तुम्ही म्हणायचात, "डब्यातला पंखा बिघडला तर रेल्वे डबा मोडीत काढत्ये की?"

"डबा तीस वर्षं तसाच असतो. कॉम्प्युटरचं तसं नाही. नवं सॉफ्टवेअर जुन्या कार्डावर उघडतच नाही."

"तर उघडूं नको."

"मग माझी नोकरी जाईल!"

"तर जुनी नोकरी धर. रेल्वेत ये."

मामी कॉफीचे टंबलर ठेवत म्हणायच्या, "दोघे भांडा, कॉफी थंड होऊं दे." आणि एकदा, भांडणाच्या ऐन रंगात, तुम्ही अगदी हळू विचारलंत, "तुझ्या कारखान्यांत चरा पडलेल्या भागाचें काय करतां?" मी म्हणालो, लाल पेटीत टाकतो. "आणि लाल पेटीचें?" मी म्हणालो, ती दुसऱ्या शिफ्टचे लोक नेतात. "कोठें?" मला माहीत नव्हतं. तुम्ही कॉफी संपवलीत. मामा, मी रोज त्या पेटीसमोर उभा असतो. अजून कुणाला विचारलेलं नाही. आता उत्तर मिळालं तरी सांगायचं कुणाला?

पण मुद्द्यावर माझंच खरं होतं, हे मी आजही सोडणार नाही. तीन वर्षांनी कंपनीनं तीन बाजूंनी फिरवता येणारी चित्रं काढायला लावली, आणि तुमच्या हातचं ते कार्ड धापा टाकायला लागलं. एक चाक फिरवायचं तर चहा करून यावा. मी अण्णा नगरहून नवा कॉम्प्युटर आणला. नव्या बोर्डावर ती फटच नव्हती. पूर्ण वेगळी, बारकी काहीतरी. या वेळी कानस असून उपयोग नव्हता, घासायला काही उरलंच नव्हतं.

तुम्हाला सांगायला हवं होतं. मी ठरवलंही होतं. पण रस्ताभर तमिळ वाक्य पाठ करत येणारा माणूस मी, आणि हे वाक्य मला मराठीतही जमेना. "मामा, कार्ड काढलं." एवढंच तर होतं. भीती वेगळीच होती. कार्ड नसेल तर मी रविवारी कशाला येणार? ना मी तुमच्या नात्यातला, ना गोत्रातला. तुमच्या घरात मला खुर्ची होती ती पेशंटचा पालक म्हणून. पेशंटच मेला तर पालकानं दवाखान्यात बसून राहायचं हे बरं दिसत नाही.

म्हणून मी गप्प राहिलो, आणि एका शुक्रवारी जुना डबा मोडीत विकला. कुठे विकावा? एवढ्या मोठ्या चेन्नईत? हात भरून आले म्हणून मी तो तळ्याजवळच्या पहिल्याच जुन्या सामानाच्या दुकानात ठेवला. त्या दुकानाच्या समोर तुम्ही दर शनिवारी कॉफीची पूड दळून घ्यायचात. चोरीचा माल पोलीस चौकीच्या पायरीवर मांडून बसणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. नंतर आरशात पाहिला.

त्या रविवारी तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "कार्ड कसें आहे?"

"उत्तम."

"चालतेंय?"

"पळतंय, मामा!"

तुम्ही कोपऱ्यातल्या मामींच्या कॉम्प्युटरकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "होय," तुम्ही म्हणालात. "चालतेंय खरें." आणि मामी घाईनं स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, दूध उतू गेलं असेल.

पुढची दोन वर्षं मी नसलेल्या कार्डाच्या तक्रारी घेऊन तुमच्याकडे येत होतो. आता लिहितानाही कान गरम होतात. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून, मी पुढच्या रविवारचा बिघाड रचायचो. बसमधले सगळे तमिळमध्ये गप्पा मारत असायचे, आणि मी एकटा एका काल्पनिक पंख्याचा आवाज मनात ऐकून बघत असायचो. तुम्ही तर बारीकसारीक चौकशी करायचात.

"पंखा आवाज करतोय म्हणालास. कसा? डासासारखा की मिक्सरसारखा?"

मी थोडा विचार करून म्हणायचो, "मिक्सर."

"इडलीच्या पिठाचा की चटणीचा?"

"चटणीचा असावा."

"मग तेल कमी आहे," असं म्हणून तुम्ही होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत मामींच्या मशीनचं तेल भरून द्यायचात. "एकच थेंब. जास्त नको." मी गंभीरपणे मान डोलवायचो, बाटली खिशात ठेवायचो आणि खोलीवर येऊन खिडकीत मांडायचो. तिथे आता पाच बाटल्या आहेत. ऊन पडलं की भिंतीवर त्यांचे पिवळे डाग हलतात. माझ्याकडे येणाऱ्या कुणाला मी हे काय म्हणून सांगितलं असतं माहीत नाही, पण माझ्याकडे कुणी येत नाही, तेव्हा तो प्रश्न नाही.

मग या वर्षी तक्रारी संपल्या. खरंच संपल्या, मामा. पंखा झाला, रेघा झाल्या, ठिपके झाले, रंग उडाला, पडदा काळा झाला, पुन्हा पंखा झाला. एका रविवारी काही सुचेना, म्हणून मी आलो नाही. खोलीवर पडून राहिलो, समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजले. दुसऱ्या रविवारीही सुचेना. तिसऱ्या रविवारी बाटल्या पुसल्या. नुसतं "आलो मामा" म्हणत येऊन बसता आलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. एवढं शिकलो, पण बिनाकामाचं कुणाच्या घरी जायचं कसं, ते शिकलो नाही.

चौथ्या आठवड्यात मला एकदम झकास तक्रार सुचली. पडदा हिरवा होतो. सगळा नाही, फक्त उजवी बाजू, आणि फक्त कॉम्प्युटर तापल्यावर. त्यावर तुम्ही काय काय विचाराल आणि मी काय उत्तर देईन, हे सगळं तयार होतं. "हिरवा कसला? केळीच्या पानासारखा की कढीपत्त्यासारखा?" मी कढीपत्ता ठरवला होता. गल्लीत वळलो तेव्हा मी मनात हसत होतो.

तुमच्या दारात कोलम नव्हतं.

पाच वर्षांत ते दार कधी कोरं पाहिलं नव्हतं. मामींना ताप असला तर शेजारीण काढायची. मी पायरीखाली उभा राहिलो आणि तुमच्या दाराबाहेरच्या चपला बघत राहिलो, किती तरी चपला, आणि तुमच्या त्यांत नव्हत्या. आत कुणीतरी तमिळमध्ये मोठ्यानं बोलत होतं. मला शब्द कळले नाहीत, आणि पहिल्यांदाच कळून घ्यायचीही इच्छा झाली नाही. हिरवा पडदा माझ्या तोंडात तसाच राहिला. अजून तिथेच आहे.

तुम्ही शुक्रवारी सकाळी गेलात म्हणे, पेपर वाचता वाचता. माझा नंबर कुणाकडे नव्हता. असणार कसा? मी तर दर रविवारी येतच होतो. तेराव्याला गुरुजींनी तुमचं पूर्ण नाव घेतलं तेव्हा ते मी पहिल्यांदा ऐकलं. इथे ते लिहीत नाही. तुम्ही मला ते कधी सांगितलं नव्हतंत, तेव्हा ते आपल्यातलं नव्हे.

तेराव्यालाच मी मामींना माझा नंबर लिहून दिला होता; काल त्यांचा फोन आला. "अरे सदा, कॉम्प्युटर ओरडतोय. येतोस की?" मी कंपनीतून परस्पर आलो. मामी पांढऱ्या पडद्यावर ठिपके मांडून बसल्या होत्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "दारांत इतक्यांत काढायचें नाहीं. म्हणून इथें काढत्ये. इथें कोण बघतोय?" डब्यातून पंख्याचा कर्कश आवाज येत होता. मिक्सर, मामा. चटणीचा. मी तुम्हाला सांगायचो हुबेहूब तसा.

मी कॉम्प्युटर बंद करून डबा उघडला. तुमचा टॉर्च या वेळी मामींनी धरला, आणि माझ्यापेक्षा नीट धरला. आत कार्ड होतं. त्याच्या पाठीवर मळकी चिकटपट्टी होती. तिच्यावर तमिळमधला तो एकच शब्द होता, मला वाचता येणारा.

मला आधी वाटलं, तुम्ही सगळ्याच कार्डांवर माझं नाव लिहिता. माणूस किती मूर्ख असावा याला काही हद्द असते, माझ्या बाबतीत ती अजून सापडलेली नाही. मग मी कार्ड ओढून काढलं आणि अंगठा लावला. खाच. काटकोनातली, सुबक, मेकॅनिकल इंजिनिअरच्या हातची.

"मामी, हे कधीपासून?"

"तूं विकलेंस त्याच्या दुसऱ्या दिवशीं," मामी म्हणाल्या. "कॉफीची पूड आणायला गेले आणि हें घेऊन आले. पूड विसरले. माझें जुनें काढून हें लावलें. म्हणाले, सदाचें कार्ड आहे, चालतें ठेवायला पाहिजे, तो रविवारीं कसें आहे म्हणून सांगायला येईल."

दोन वर्षं. मी चार हातांवर बसून तुम्हाला सांगत होतो की ते पळतंय, अडकतंय, ओरडतंय, आणि ते देव्हाऱ्याशेजारी मामींचे ठिपके काढत होतं.

"मग मला बोलले का नाहीत?"

मामींच्या हातातला टॉर्च हलला नाही. "मी म्हटलें, मी सांगत्ये. नको म्हणाले. म्हणाले, तक्रारी संपल्या तर तो यायचा नाहीं."

मामा, तुम्ही मला इतकं ओळखत होता. आणि मी तेच केलं. अगदी तसंच केलं. त्या तीन रविवारी तुम्ही ओट्यावर पेपर घेऊन बसला होता का, हे मला मामींना विचारायचं होतं. विचारलं नाही. काही उत्तरं त्या लाल पेटीसारखी असतात, कुठे जातात ते न विचारलेलं बरं. नाही, हे खोटं बोललो. विचारायचं धैर्य झालं नाही.

मी खिशातून बाटली काढली. सकाळी निघताना का उचलली होती कुणास ठाऊक. पंख्यावरचा कागद सोलला, एक थेंब सोडला, बोटानं पातं फिरवलं. तुमच्यासारखंच खोडरबरानं दात घासले, समुद्राचं मीठ काढलं. डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मनातल्या मनात मी तुमच्याशी बोलत होतो. म्हटलं, बघा मामा, जुनंच चालवतोय, तुमचं खरं. आता दर रविवारी मी येईन, तक्रार असो नसो. म्हटलं, हे कार्ड मी मरू देणार नाही. अशा सगळ्या मोठ्या मोठ्या गोष्टी कबूल करत मी कार्ड फटीवर धरलं आणि दाबलं.

बसेना. सरळ केलं, पुन्हा दाबलं. अंगठे दुखेपर्यंत दाबलं. डोळे पुसून बघितलं तर कार्ड मी उलटं धरलं होतं.

मागून मामींनी टॉर्च माझ्या हातांवर आणला, मग कार्डावर, मग माझ्या तोंडावर.

"कानस आणूं की?"